लाईट आली, नेट आलं, पण वायरगार्डचा टनेल काही येत नाही: दर वेळचं दुखणं आणि त्याचा इलाज

लाईट जाते, परत येते, राउटर चालू होतो, मोबाईलवर नेट मस्त चालतं, पण सर्वरकडे जाणारा वायरगार्डचा टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा एन्क्रिप्टेड खाजगी रस्ता (व्हीपीएन), मात्र मेलेलाच. कधी पाच मिनिटांनी आपोआप उठतो, कधी पाऊण तासाने, आणि कोणी वैतागून सर्वर रिस्टार्ट मारला की लगेच. त्यामुळे सगळ्यांचं एकच मत होतं की सर्वरच खराब आहे, आणि मग होस्टिंग बदला, प्लॅन वाढवा, असं सुरू होतं. सर्वरला काहीही झालेलं नसतं. दुखणं दुसऱ्या टोकाला असतं, शेडमध्ये बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाच्या घड्याळात. हे नीट समजून घेतलं तर पुन्हा कधी त्रास होत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

नाशिकमध्ये ही जोडणी आता बऱ्याच ठिकाणी दिसते. अंबड, सातपूरच्या शेडमध्ये सीएनसी मशीनचं रीडिंग घेणारा एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर, पुढे त्यालाच बोर्ड म्हटलंय), पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेजचं टेंपरेचर घेणारा एक, आणि हे सगळं भाड्याच्या एका सर्वरवर जमा होतं. मध्ये पब्लिक इंटरनेट असल्यामुळे सर्वरवर एक प्रायव्हेट व्हर्च्युअल इंटरफेस बनवायचा आणि सगळे बोर्ड त्याला जोडायचे. सीझनमध्ये, जानेवारी ते एप्रिल, रात्री दोनला कोल्ड स्टोरेजचं रीडिंग बंद पडलं की मालकाचा फोन येतोच, आणि त्याचं बरोबर आहे, आत लाखोंचा माल असतो, त्याला मशीन चालू आहे का बंद हे घरबसल्या कळावं म्हणूनच तर पैसे घातलेत.

आधी जोडणी सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. सर्वरवर डब्ल्यूजी० नावाचा इंटरफेस, पत्ता १०.७७.०.१, मास्क २४ चा, यूडीपी पोर्ट ५१८२०. लिनक्सच्या कर्नलमध्ये वायरगार्ड ५.६ पासून म्हणजे मार्च २०२० पासून आतच आहे, त्यामुळे वेगळं मॉड्यूल बनवत बसायचं नाही, वायरगार्ड-टूल्स पॅकेज टाकलं की झालं. दोन्हीकडे आपापली प्रायव्हेट की बनवायची, एकमेकांना फक्त पब्लिक की द्यायची, आणि प्रायव्हेट कीची फाईल रूटशिवाय कोणाला वाचता येणार नाही अशी ठेवायची. सर्वरच्या फाईलमध्ये प्रत्येक बोर्डाचा एक पीअर (समोरच्या टोकाची नोंद), त्याच्या अलाउड आयपीमध्ये (टनेलमधून त्याच्याकडे कुठले पत्ते जायचे त्या यादीत) त्या बोर्डाचा पत्ता मास्क ३२ लावून, उदाहरणार्थ १०.७७.०.२, आणि बोर्डामागच्या मशीनपर्यंत जायचं असेल तर तिथल्या लॅनची रेंजसुद्धा. बोर्डाच्या फाईलमध्ये सर्वरचा पब्लिक आयपी एंडपॉईंट (कुठे जोडायचं तो पत्ता) म्हणून आणि पर्सिस्टंट कीपअलाईव्ह २५. हा २५ विसरू नका, कारण शेडमध्ये बहुतेक सिमकार्डवाला राउटर असतो, त्याला सहसा पब्लिक आयपी मिळत नाही, उदाहरणार्थ १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या रेंजमधला काहीतरी मिळतो, तो ऑपरेटरच्या नॅटच्या (अनेक ग्राहक एकाच पब्लिक आयपीमागे ठेवायच्या सोयीच्या) मागचा. अशा ठिकाणी सर्वर बोर्डाला स्वतःहून हाक मारू शकत नाही, बोर्डानेच दर २५ सेकंदांनी दार उघडं ठेवायचं असतं.

लॅनची रेंज निवडताना १९२.१६८.०, १९२.१६८.१ ह्या दोन रेंज सोडून द्या. बरेच राउटर डब्यातून ह्यातल्याच एका रेंजवर येतात, आणि दोन शेडची रेंज सारखी झाली की सर्वरच्या एकाच इंटरफेसवर एक रेंज एकाच पीअरकडे राहते, फाईलमध्ये जो नंतर लिहिलाय त्याच्याकडे. पहिल्याचा डेटा गुपचूप बंद, एरर काही नाही. म्हणून पहिल्या दिवशीच प्रत्येक शेडला वेगळी रेंज द्या, १९२.१६८.४१, ४२, ४३ अशी, आणि वहीत लिहून ठेवा.

आता "टनेल चालत नाही" ह्या एका वाक्याखाली चार-पाच वेगवेगळे आजार असतात आणि लोक सगळ्यांना एकच औषध देतात, रिस्टार्ट. म्हणून आधी आपला आजार कोणता ते बघा. बोर्डावर आणि सर्वरवर दोन्हीकडे डब्ल्यूजी शो कमांड द्या. लेटेस्ट हँडशेकसमोर (दोन टोकांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं ती वेळ) दोन-तीन मिनिटांच्या आतली वेळ दिसतेय पण पिंग जात नाही, तर अलाउड आयपी नाहीतर फायरवॉल बघा, बोर्डामागच्या मशीनपर्यंत पोचत नसेल तर बोर्डावरचं आयपी फॉरवर्डिंगही. पिंग जातो पण फाईल अडकते, वेबपेज अर्धवट लोड होतं, तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल साईज) बघा. वायरगार्ड स्वतः १४२० धरतो, आयपीव्ही४ वर त्याचा बोजा ६० बाईट आणि आयपीव्ही६ वर ८०, त्यामुळे ज्या लाईनचा मूळचा एमटीयूच कमी आहे तिथे तो बसत नाही, १२८० टाकून बघा, चालायला लागलं तर हळूहळू वर न्या. थोडा वेळ शांत राहिलं की सर्वरकडून पोचत नाही पण बोर्डाने काही पाठवलं की लगेच चालू, तर कीपअलाईव्ह राहिलाय. आणि एंडपॉईंटमध्ये आयपीऐवजी नाव टाकलंय आणि सर्वरचा आयपी बदललाय, तर नाव फक्त इंटरफेस उठताना एकदाच शोधलं जातं, नंतर नाही, एवढं ध्यानात ठेवा. ह्यातलं काही असेल तर ह्या लेखाचं पुढचं तुमच्यासाठी नाही.

आपला आजार असा ओळखायचा: लाईट जायच्या आधी टनेल ठणठणीत होता, कॉन्फिगला कोणी हात लावला नाही, लाईट आल्यावर बोर्डाच्या डब्ल्यूजी शोमध्ये पाठवलेला आकडा वाढतोय पण आलेला शून्यावरच अडकलाय, लेटेस्ट हँडशेकची ओळच नाही. आणि सर्वरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून पोर्ट ५१८२० बघितला तर बोर्डाकडून दर पाच सेकंदांच्या आसपास १४८ बाईटचं पॅकेट बरोबर पोचतंय. पोचतंय! म्हणजे नेट ठीक, फायरवॉल ठीक, पोर्ट ठीक. पण सर्वर उलट ९२ बाईटचं उत्तर देतच नाही. गप्प. हे १४८ आणि ९२ लक्षात ठेवा, हँडशेकची विनंती १४८ ची आणि उत्तर ९२ चं, कुठलीही की न उघडता नुसत्या साईजवरून कळतं कोण बोलतंय आणि कोण गप्प बसलंय.

सर्वर गप्प का बसतो? वायरगार्डचा स्वभावच तसा ठेवलाय, जे पटलं नाही त्याला उत्तरच द्यायचं नाही, एरर पण नाही, म्हणजे बाहेरच्या माणसाला कळायलाच नको की इथे काही चालू आहे. सुरक्षेसाठी फार चांगलं पण शोधणाऱ्याचा घाम काढतं. आणि इथे पटत नाही ते म्हणजे वेळ. प्रत्येक हँडशेकच्या विनंतीत बोर्ड स्वतःच्या घड्याळातली वेळ घालून पाठवतो, तीसुद्धा एन्क्रिप्ट करून. सर्वर प्रत्येक पीअरची सगळ्यात पुढची वेळ लक्षात ठेवतो आणि नवीन विनंतीतली वेळ त्याच्यापेक्षा पुढची असेल तरच दार उघडतो. मागची किंवा तीच असेल तर सरळ टाकून देतो. कारण कोणीतरी मध्ये बसून तुमची जुनी विनंती पकडून ठेवली आणि नंतर परत सर्वरवर फेकली, तर चालू असलेलं सेशन बिघडेल, ते होऊ नये म्हणून हा नियम. सर्वरच्या स्वतःच्या घड्याळाशी तुलना होत नाही बरं का, फक्त त्याच बोर्डाने आधी पाठवलेल्या वेळेशी. त्यामुळे सर्वरचं घड्याळ दहा मिनिटं चुकलं तरी फरक पडत नाही, आणि टाईमझोन इंडियाचा नसून यूटीसी असला तरीही नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण साडेपाच तासांचा फरक दिसला की लोक त्याच्याच मागे लागतात.

रास्पबेरी पाय ४ आणि त्याच्या आधीच्या कुठल्याही बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाईट गेली की वेळ गेली. मग बोर्ड चालू झाल्यावर वेळ कुठून आणतो? फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाची एक सोय असते, ती दर तासाला एका फाईलमध्ये वेळ लिहून ठेवते आणि बूट होताना तिथून उचलते. व्यवस्थित शटडाऊन केलं तर त्या क्षणाची वेळ पण लिहिते, पण लाईट गेली तर शटडाऊन कुठला. म्हणजे बोर्ड उठतो तो शेवटच्या लिहिलेल्या वेळेवर, आणि ती वेळ लाईट जायच्या आधीची असते, मागचीच असते. टनेल चालू असताना हँडशेक दर दोन मिनिटांनी होतो, म्हणजे सर्वरकडे लाईट जायच्या अगदी जवळची वेळ नोंदलेली. बोर्ड म्हणतो आत्ता सव्वाअकरा, सर्वर म्हणतो तू तर मला मघाशीच पावणेबारा सांगितलेस. दार बंद.

डेबियन लिनक्सच्या घरातल्या सिस्टीममध्ये (पायची सिस्टीमही त्यातलीच) तासाची कामं दर तासाला १७ व्या मिनिटाला चालतात, मूळ क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) तसंच लिहिलेलं असतं, उघडून बघा. म्हणून हिशोब असा. लाईट ११:४२ ला गेली. शेवटची लिहिलेली वेळ ११:१७. लाईट साडेबाराला आली, बोर्ड उठला आणि त्याच्या मते आता ११:१७ वाजलेत. सर्वरला ११:४२ च्या पुढची वेळ हवी. बोर्डाच्या घड्याळात ११:४२ व्हायला २५ मिनिटं लागणार, म्हणजे टनेल साधारण १२:५५ ला आपोआप उठणार. आता समजा लाईट १२:१० ला गेली असती तर शेवटची नोंद ११:१७ चीच, मग ५३ मिनिटं थांबावं लागलं असतं. आणि १२:२० ला गेली असती तर फक्त तीन मिनिटं, कोणाला कळलंही नसतं. बघा, लाईट किती वेळ गेली होती ह्याचा काडीचाही संबंध नाही, पाच मिनिटं गेली काय आणि पाच तास गेली काय, संबंध आहे तो लाईट कुठल्या मिनिटाला गेली ह्याच्याशी. म्हणूनच लोकांना ह्यात काही नियम सापडत नाही आणि मग "सर्वरचा मूड" असं काहीतरी बोललं जातं. पॅकहाऊसच्या माणसाला फक्त एवढं विचारा, "दादा, लाईट नक्की किती वाजता गेली होती?" आणि टनेल किती वाजता उठला ते लॉगमधून काढा. वरच्या हिशोबाला जुळलं तर निदान पक्कं, पुढे शोधायची गरज नाही.

हा १७ चा हिशोब ज्या बोर्डावर ही नोंद क्रॉनमधून होते आणि वेळेसाठी क्रोनी (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) बसवलंय तिथे तंतोतंत लागतो. क्रोनीऐवजी सिस्टमडीचं टाईमसिंकडी असेल तर ते वेळेची स्वतःची एक फाईल ठेवतं, त्यामुळे मागे राहायचं अंतर वेगळं निघेल, बहुतेक कमी. पण मागे राहतंच, आणि मागे राहिलं की तेच होतं.

आणि सर्वर रिस्टार्ट केला की लगेच का चालतं हे आता कळलं असेल. ती सगळ्यात पुढची वेळ सर्वरच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही. इंटरफेस खाली घेऊन वर केला की ती विसरली जाते, मग बोर्डाची कुठलीही वेळ चालते. रिस्टार्टने सर्वर "बरा" होत नाही, तो फक्त विसरतो.

आता कोणीही विचारेल की अरे पण नेट आलंय ना, मग बोर्ड एनटीपीने (नेटवरून खरी वेळ घ्यायची पद्धत) वेळ का घेत नाही, दहा सेकंदांचं काम. घेतो, जिथे जोडणी साधी आहे तिथे घेतो, आणि तिथे हा प्रॉब्लेम फार तर अर्धा मिनिट दिसतो. अडकतं कुठे, तर बोर्डाच्या वायरगार्ड फाईलमध्ये डीएनएसची (नावावरून आयपी शोधणाऱ्या सोयीची) ओळ असते तिथे. कोणीतरी सर्वरवर डीएनएस चालवलेला असतो आणि बोर्डाला सांगितलेलं असतं की नाव विचारायचं तर १०.७७.०.१ ला विचार. किंवा अलाउड आयपीमध्ये ०.०.०.०/० टाकलेलं असतं, म्हणजे सगळाच ट्रॅफिक टनेलमधून. मग काय होतं बघा: बोर्ड उठतो, डब्ल्यूजी-क्विक लगेच इंटरफेस उभा करतो, डीएनएस टनेलकडे वळवतो, क्रोनी एनटीपी सर्वरचं नाव शोधायला जातो, नाव शोधायला टनेल पाहिजे, टनेलला वेळ पाहिजे, वेळेला नाव पाहिजे. घरात किल्ली ठेवून कुलूप लावल्यासारखं. आणि ह्या तिघांपैकी कोणीच लॉगमध्ये "वेळ चुकलीय" असं लिहीत नाही, प्रत्येक जण फक्त दुसरा मिळत नाही एवढंच म्हणतो.

खात्री करायला तीन गोष्टी. बोर्डावर डेट कमांड द्या आणि आपल्या मोबाईलशी ताडून बघा, मागे दिसलं की अर्धं काम झालं. बोर्डापर्यंत टनेल नसताना पोचायचं कसं, तर तिथल्याच लॅनवर लॅपटॉप लावून, किंवा तिथल्या माणसाला स्क्रीन लावायला सांगून, दुसरा रस्ता नाही. मग क्रोनीसी सोर्सेस बघा, यादी रिकामी असेल किंवा सगळ्यांसमोर प्रश्नचिन्ह असेल तर वेळ मिळत नाहीये. आणि सर्वरवर कर्नलचं डायनॅमिक डीबग वायरगार्ड मॉड्यूलसाठी चालू करा, डीमेसेजमध्ये "इनव्हॅलिड हँडशेक इनिशिएशन" अशी ओळ त्या बोर्डाच्या आयपीसकट येत राहील. ही ओळ बोर्डाची की चुकली असेल तरीही येते, पण की तर लाईट जायच्या आधी चालत होती, म्हणजे की सुटली. "इनव्हॅलिड मॅक" असं आलं तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे बोर्डाच्या फाईलमध्ये सर्वरची पब्लिक की चुकलीय. काम झाल्यावर डीबग बंद करायला विसरू नका.

रात्री दोनला फोन आलाय आणि आत्ता चालू करायचंय, तर पूर्ण इंटरफेस रिस्टार्ट करू नका, बाकीच्या सगळ्या शेडचे टनेल एका क्षणात तुटतात. फक्त त्या एका बोर्डाचा पीअर काढा, डब्ल्यूजी सेट कमांडने त्याची पब्लिक की देऊन रिमूव्ह, आणि मग डब्ल्यूजी सिंककॉन्फने फाईलमधून परत आणा, फाईल आधी डब्ल्यूजी-क्विक स्ट्रिपमधून काढून. पीअर परत येतो, जुनी वेळ विसरलेली असते, पुढच्या पाच-दहा सेकंदांत हँडशेक होतो. बाकीच्यांना काही कळतही नाही. टनेल उठला की डीएनएस मिळतो, एनटीपी मिळतं, बोर्डाचं घड्याळ स्वतःच ताळ्यावर येतं.

काही ठिकाणी मी बघितलंय की सर्वरवर दर तासाला इंटरफेस रिस्टार्ट करणारा क्रॉन लावून ठेवलाय आणि सगळे खूश आहेत. कृपा करून हे करू नका. दर तासाला सगळ्यांचं कनेक्शन तोडून एका बोर्डाचं घड्याळ झाकायचं, ह्यात खरं दुखणं कायम राहतं, आणि ते दुखणं फक्त टनेलचं नसतं हे खाली सांगतो.

कायमचा इलाज. सगळ्यात आधी वेळ टनेलवर अवलंबून नको. बोर्डाचं काम फक्त रीडिंग पाठवायचं असेल तर अलाउड आयपीमध्ये फक्त १०.७७.०.० मास्क २४ ठेवा आणि डीएनएसची ओळ काढूनच टाका, बोर्डाला राउटरचा डीएनएस पुरतो. माझ्या मते दहातल्या नऊ ठिकाणी एवढंच पुरतं, कारण ती ओळ कुठूनतरी कॉपी केलेल्या फाईलबरोबर आलेली असते, तिची गरज कोणालाच नसते. ज्यांना सगळा ट्रॅफिक टनेलमधूनच हवाय त्यांनी क्रोनीच्या फाईलमध्ये एखादा एनटीपी सर्वर नावाऐवजी आकड्याने द्या आणि त्या आकड्याचा रूट टनेलच्या बाहेरून जाईल असा वेगळा टाका. शेडमधला राउटर स्वतः एनटीपी देत असेल, मायक्रोटिक वगैरे देतात, तर सगळ्यात उत्तम, त्याचा लॅनचाच पत्ता द्या. भारतातला सोर्स हवा असेल तर एनआयसीचे (सरकारचं नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर) समय१ आणि समय२ हे एनटीपी सर्वर आहेत, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा आहे, २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशात ह्याच दोन संस्थांच्या किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या एनटीपीशी घड्याळं जुळवायला सांगितलंय, सर्वर चालवणाऱ्यांनी तो आदेश एकदा वाचावाच. आकड्याने दिलेला पत्ता मात्र कधीतरी बदलू शकतो, सहा महिन्यांनी एकदा तपासा.

दुसरं, बोर्डाला खरं घड्याळ द्या. डीएस३२३१ ह्या घड्याळाच्या चिपची छोटी निळी पट्टी मिळते, एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा नाहीतर ऑनलाईन मागवा. २ पीपीएमची अचूकता आहे, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट इकडे-तिकडे, आपल्याला भरपूर झालं. आय-टू-सीच्या चार तारा, पॉवर ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच द्या, ५ वरून नको, कारण ह्या पट्ट्यांवर बऱ्याचदा चार्जिंगचं सर्किट असतं आणि आत साधा सीआर२०३२ सेल टाकला असेल तर ५ व्होल्टवर तो चार्ज व्हायला बघतो, जो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नाही, फुगतो. मग बूटच्या कॉन्फिगमध्ये आय-टू-सी आरटीसीचा (बॅटरीवरच्या घड्याळाचा) ओव्हरले टाका, फेक-एचडब्ल्यूक्लॉक पॅकेज काढून टाका, एकदा खरी वेळ लिहा, झालं. पाय ५ घेतला असेल तर घड्याळ बोर्डावरच आहे पण बॅटरी वेगळी विकत घेऊन लावावी लागते, ती न लावता "पाय ५ ला तर घड्याळ असतं" म्हणून निर्धास्त राहिलात तर जैसे थे.

तिसरं, वेळ मिळाल्याशिवाय इंटरफेस उठूच द्यायचा नाही. डब्ल्यूजी-क्विकच्या सर्विसला एक ड्रॉप-इन फाईल (मूळ फाईल न बदलता वरून सूचना देणारी) जोडा आणि त्यात लिहा की टाईम-सिंक टार्गेटनंतरच चालू हो. टाईमसिंकडी असेल तर सिस्टमडी-टाईम-वेट-सिंक ही सर्विस पण चालू करावी लागते, नाहीतर ते टार्गेट नुसतं नावाला असतं, लगेच पास होतं. क्रोनी असेल तर इंटरफेसच्या आधी क्रोनीसी वेटसिंक चालवा. पण त्याला मर्यादा घाला, ३० वेळा म्हणजे दहा-दहा सेकंदांनी पाच मिनिटं, कारण मर्यादा न घालता सोडलं तर ते कायम थांबून राहतं, आणि लाईट आली पण मोबाईल टॉवरच बंद आहे अशा रात्री बोर्ड तसाच लटकून राहील. ह्या उपायाचा एक फायदा असा की इंटरफेस उठायच्या आधी डीएनएस अजून राउटरचाच असतो, त्यामुळे ते चक्रच तुटतं. घड्याळाची पट्टी बसवली असेल तरी हे करा, बॅटरी कधीतरी संपतेच.

राउटर आणि बोर्डाला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा असंही लोक सुचवतात, लावा, एसडी कार्डचं आयुष्य वाढेल, पण तो ह्यावरचा इलाज नाही. दोन तास लाईट गेली की तोही बसतो.

सातपूरकडे अजून बऱ्याच शेडमध्ये कोपऱ्यात जुना डेस्कटॉप ठेवून त्यालाच गेटवे केलेलं असतं. त्याच्या मदरबोर्डवर घड्याळ आहे, पण ते चालवणारी सीमॉसची बॅटरी मेलेली, मग लाईट गेली की तो थेट बायोसच्या तारखेला जातो, कित्येक वर्षं मागे. तिथे थोड्या वेळाने आपोआप उठणं वगैरे नाही, एनटीपी मिळालं नाही तर टनेल येणारच नाही. तो सीआर२०३२ सेल बदला, तारीख लावा. आणि ह्याच्या उलटंही होतं: मशीनचं घड्याळ एकदा चुकून पुढच्या वर्षात गेलं, तेवढ्यात एक हँडशेक झाला, मग वेळ दुरुस्त केली. आता सर्वरकडे पुढच्या वर्षाची नोंद आहे आणि तो तिथपर्यंत त्या मशीनला दार उघडणार नाही. वेळ बरोबर, की बरोबर, सगळं बरोबर, तरी बंद. तिथे सर्वरवरचा पीअर काढून परत टाकणं हाच इलाज, आणि तो योग्यच आहे.

आता मघाशी म्हटलेलं टनेलपलीकडचं दुखणं, लॉगचं. घड्याळ मागे असताना बोर्ड टेंपरेचरची रीडिंग लोकल फाईलमध्ये जमा करत राहतो आणि त्यावर चुकीचा टाईमस्टॅम्प बसतो. वरच्याच उदाहरणात ११:१७ ते ११:४२ ह्या वेळेची रीडिंग दोनदा येणार, एकदा खरी, एकदा साडेबारानंतरची. सर्वरवर ती ग्राफमध्ये एकमेकांवर बसतात आणि लाईट गेल्यावर खोली किती तापली, परत थंड व्हायला किती वेळ लागला हे दिसतच नाही, आणि नेमकं तेच तर बघायचं असतं. एक्स्पोर्टच्या मालाला टेंपरेचरचं रेकॉर्ड मागितलं जातं, तिथे एकाच वेळेची दोन वेगळी टेंपरेचर दिसली तर पूर्ण रेकॉर्डवरचा विश्वास जातो. म्हणून रीडिंगबरोबर बोर्ड चालू होऊन किती सेकंद झाले तो आकडा पण लिहायला लावा, लिनक्समध्ये अपटाईम फाईलमध्ये तो आयता मिळतो आणि घड्याळ बदललं तरी तो उड्या मारत नाही. वेळ बरोबर झाल्यावर मागची रीडिंग त्या आकड्यावरून दुरुस्त करता येतात, आणि बोर्ड कधी उठला तेही कळतं.

हे सगळं केल्यावर टेस्ट करायला पॅकहाऊसमध्ये जाऊन प्लग उपटायची गरज नाही, चालू बोर्डाचा प्लग असा काढू पण नका, एसडी कार्ड जातं. टेबलावर, बोर्डाला कीबोर्ड-स्क्रीन लावून करा. टनेल चालू असताना क्रोनी थांबवा, इंटरफेस खाली घ्या, डेट कमांडने घड्याळ दहा मिनिटं मागे करा, इंटरफेस वर करा. खाली-वर करणं गरजेचं आहे कारण चालू सेशन पुढच्या हँडशेकपर्यंत तसंच चालतं आणि तुम्हाला वाटेल काहीच झालं नाही. आता सर्वरवर १४८ ची पॅकेट येताना दिसतील आणि ९२ चं एकही जाणार नाही, हा तुमचा आजार डोळ्यांसमोर. मग क्रोनी परत चालू करा आणि बघत बसा. डीएनएसची ओळ काढलेली असेल, किंवा एनटीपी आकड्याने दिलेलं असेल, तर थोड्याच वेळात घड्याळ उडी मारून पुढे येईल, आणि त्यानंतरच्या पहिल्याच १४८ ला ९२ चं उत्तर येईल. नाही आलं आणि घड्याळ मागेच राहिलं तर अजून कुठूनतरी वेळेचा रस्ता टनेलमधून जातोय, आयपी रूट गेट कमांडला एनटीपीचा पत्ता देऊन बघा, उत्तरात डब्ल्यूजी० दिसलं तर तिथेच अडलंय. शेवटी एकदा बोर्ड व्यवस्थित शटडाऊन करून, पंधरा मिनिटं प्लग काढून ठेवून, परत चालू करा आणि टनेलची वाट न बघता आधी डेट बघा.